सातवी पायरी सागाची

॥ श्री ॥

भिवटोला, ता. कुरखेडा
१० ऑगस्ट १९८६

चि. सौ. रंभास श्रावणभाऊचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं कार्ड मिळालं. खुशालरावांचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. कागद कारखान्याचा वास खोकल्याला चांगला नाही हे मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं, पण माझं तेव्हा कोण ऐकत होतं.

पत्रास कारण की, गोकुळाष्टमीचा कानोबा सतरा दिवसांवर आला. कुंभाराकडे मूर्ती सांगून झाली. तुझी वहिनी मंगली फुलोऱ्याच्या तयारीला लागली आहे. करंज्या, पापड्या, वेण्या सगळं मागच्या वर्षीइतकंच, कारण तळून दोऱ्यात ओवून मूर्तीवर टांगायचं काम तिचं एकटीचं. तू असतीस तर निम्मं खाऊन निम्मं टांगलं असतंस.

बाबांचं तेच चाललं आहे. सत्तरी उलटली तरी विसर्जनाला मूर्तीचा पाट डोक्यावर तेच घेणार. या वर्षी मी घेतो, मृदंग भजन मंडळातल्या इसरूला देतो, असं म्हणून पाहिलं. तर म्हणाले, तू आपला पुढं वाजवत चाल. आणि कानोबा घरातून निघाला की तलाव येईपर्यंत कोणी मागे पाहायचं नाही, हेही पुन्हा एकदा ऐकवलं, जसं काही मी काल या घरात आलो. मागे पाहणारी आपल्या घरात तू एकच. अजून कोणी वळलं की भजन मंडळातले म्हातारे रंभा झाली म्हणतात.

मशिदीच्या गल्लीतल्या रहमतबीकडे तिच्या पोरानं, रहीमनं, स्लॅब टाकला, पण जिन्याचं राहून गेलं. मिरच्या वाळवायला वर जाता यावं म्हणून बाबांनी तिला बांबूची शिडी करून दिली होती. तिची सातवी पायरी मोडली. घरात बांबू नव्हता, तर बाबांनी सागाचा तुकडा तासून बसवला. अकरा पायऱ्यांत एक सागाची, म्हणून मी हसलो. त्यावर म्हणाले की शिडी जाईल पण ही पायरी जाणार नाही.

एक गोष्ट कळवतो, पण मनाला लावून घेऊ नकोस. उन्हाळ्यात बाहेरगावचे दोघं-तिघं येऊन त्या गल्लीतल्या काही पोरांच्या बैठका घेत होते. तेव्हापासून मूर्ती आमच्या गल्लीतून न्यायची नाही, हा आमच्या धर्माचा अपमान आहे, अशी भाषा सुरू झाली. रहीमही त्यांच्यात बसतो. पण तांदूळवाले जलालुद्दीनशेठ सरपंचासमोर त्यांना चांगलंच बोलले. बापजाद्यांपासून जाता तसे जा, मशिदीसमोर चाळीस पावलं वाद्य बंद ठेवता तेवढं ठेवा, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. तेव्हा काळजीचं कारण नाही.

तुला यायला जमेल का ते कळव. सर्वांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
श्रावणभाऊ


॥ श्री ॥

बल्लारपूर
१९ ऑगस्ट १९८६

ती. श्रावणभाऊस रंभाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. यायचं जमत नाही. धाकटीला गोवर आला आहे आणि यांची पाळी या आठवड्यात सकाळची, उठल्यापासून डब्याची धावपळ. त्यामुळे या वर्षीचा फुलोरा मी न खाताच टांगला जाईल. वहिनीला सांग, निदान एक वेणी माझ्यासाठी बाजूला काढ. तेलकट असली तरी चालेल, मोडकी असली तरी चालेल, पण माझी म्हणून काढ.

पाट तू घे. मी थट्टा करत नाही. वैशाखात आले तेव्हा बाबा रंधा मारताना मधेच थांबून कमरेला हात लावत होते, ते मी पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही तर माझं नाव सांग. मी रागावले तर ते ऐकतात, तू रागावलास तर हसतात.

गल्लीचं लिहिलंस ते मला आवडलं नाही. पण रहीम काही करील असं वाटत नाही. आई गेली त्या हिवाळ्यात रहमतबी मला आणि त्याला एकाच ताटात जेवू घालायची. ताटातली भाकरी तो माझ्याकडे सरकवायचा. पोरं बाहेरच्यांचं ऐकतात आणि दोन महिन्यांत विसरतात. रहमतबीला माझा सलाम सांग. तलावावरून परत येताना फुलोऱ्याचा पहिला वाटा तिच्याकडे द्यायला विसरू नकोस.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा. आठवण ठेव.

तुझी
रंभा


बल्लारपूर
१३ सप्टेंबर १९८६

ती. श्रावणभाऊस रंभाचा सा. न.

मी परवा सुखरूप पोचले. सुखरूप लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं.

घरी आल्यावर यांनी विचारलं की तिकडे कसं आहे. मी म्हटलं, पाऊस बरा आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. धाकटी आता खेळते. भात करपतो आणि मला वास येत नाही. तुझी तार आली त्यात बाबा सीरियस एवढंच होतं. वडशापर्यंत गाडीत मी याच विचारात होते की दवाखान्यात पांघरायला चादर नेली नाही. चादरीची गरज नव्हती हे स्टेशनवर इसरूला पाहिल्यावर कळलं. त्यानं माझी पिशवी घेतली.

तेरा दिवस घरात होते, पण तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही. जे कळलं ते दुसऱ्यांकडून. मशिदीसमोर वाद्यं थांबली आणि त्याच वेळी रहमतबीच्या स्लॅबवरून दगड आणि विटा आल्या. मूर्ती या गल्लीतून जाणार नाही, असं वरून ओरडत होते. सीताबाईनं मला हे सांगितलं. ती बिचारी आरतीचं ताट घेऊन चालली होती, तिचा एक डोळा गेला. वरच्यांची तोंडं तिला दिसली नाहीत, तिला आधी वीटच दिसली म्हणे. बाबांच्या कानशिलावर दगड बसला. दोन्ही हात पाटाला, डोकं वाचवायला हात मोकळा नव्हता. तसेच कडुनिंबापर्यंत चालले, खाली बसले आणि मूर्ती मांडीवर घेतली. मूर्तीचा टवकाही उडाला नाही. लोक मला हे पुन्हा पुन्हा सांगत होते. मी मान हलवत होते.

वहिनीनं निघताना डबा दिला, त्यात माझी वेणी आहे. मी तो उघडून बंद करून ठेवला.

पोलिसांनी चौघं धरले आहेत, त्यात रहीम आहे, असं ऐकलं. भाऊ, तू सगळ्यात पुढं होतास. बाबा तुझ्यामागे पंधरा पावलांवर. वरचे तू पाहिले असशीलच. रहीम होता की नव्हता ते तू सांग, आणि होता तर त्याचं नाव घे. मला दुसरं काही नको.

वहिनीला नमस्कार. पत्र लवकर धाड.

रंभा


भिवटोला
१५ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. रंभास आशीर्वाद.

पत्र मिळालं. उशीर झाला. धान चांगला आहे. शाळेच्या सहा खिडक्यांचं काम हातात आहे, सागाला आतून भेग निघाली म्हणून दोन फळ्या बदलाव्या लागल्या. मंगलीचे गुडघे दुखतात.

बाबांचा रंधा मी वापरत नाही. त्याला तेल लावून ठेवतो.

गल्लीत दोन पोलीस बसतात. त्यांच्यासाठी शाळेतून बाक नेला. बाजार आता शाळेच्या मैदानावर भरतो. त्या रस्त्यानं कोणी जात नाही, मीही तलावावर शेतातून फिरून जातो. जलालुद्दीनशेठ एकदा घरी आले होते. बसले, पाणी घेतलं नाही, बोलले नाहीत, उठून गेले. ते मला बरं वाटलं, कारण बाकी सगळे फार बोलतात. कुठले कुठले पुढारी येतात, बाबांचा फोटो मागतात. फोटो तुझ्या लग्नातला एकच आहे, त्यात ते अर्धे खांबाआड आहेत.

रहमतबीच्या घराचा पंचनामा झाला. त्यात लिहिलं आहे की घराला जिना नाही, शिडी नाही, सबब स्लॅबवर घरातलं कोणी चढलं असं दिसत नाही. दगड मागच्या बाजूनं कोणी परके चढून मारले असतील, असं त्यांचा वकील म्हणतो. शिडी कुठे गेली कोणास ठाऊक. मी तिथे उभा होतो. मला कोणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही.

तू विचारलंस त्याचं पुढे बघू. जबाब अजून व्हायचा आहे.

पोरींना आशीर्वाद.

श्रावणभाऊ


बल्लारपूर
८ नोव्हेंबर १९८६

ती. श्रावणभाऊस सा. न.

भेग गेलेल्या फळ्यांची बातमी मिळाली. मंगलीवहिनीच्या गुडघ्यांचीही मिळाली. मी जे विचारलं होतं ते तेवढं राहिलं.

भाऊबीजेला तू आला नाहीस. ओवाळायचं नव्हतंच, बाबांचं वर्ष चालू आहे, मला कळतं. पण येऊन नुसतं बसायला काय झालं होतं? मी दिवसभर दाराकडे पाहत होते आणि रात्री आपली दोन पानं वाढून मोकळी झाले.

यांच्या पाळीतले लोक मला विचारतात की तुझ्या भावानं अजून जबाब का दिला नाही. मी काय सांगू? तो खिडक्या करतो म्हणून सांगू? तुला कोणी दम दिला आहे का? की रहमतबी येऊन पाया पडली? ती पडली असेल तर तिला माझ्या वतीनं सांग की मी तिच्या हातचं जेवले आहे आणि तरीही मला तिचा पोरगा तुरुंगात पाहिजे. दोन्ही खरं आहे. मला ते लिहिताना लाज वाटत नाही.

बाबा सणाला देव डोक्यावर घेऊन चालले होते. त्यांनी कोणाचं काय केलं होतं? त्या घराची शिडीसुद्धा त्यांनीच करून दिली. मला अजून रडू आलेलं नाही, भाऊ. दहन झालं होतं, मी राख पाहिली, मग तेरवीला पुऱ्या लाटल्या. आता तुझ्यावर राग येतो, तेवढाच काय तो येतो. तोही तू गप्प राहून घालवू नकोस.

नाव घे, नाहीतर का घेत नाहीस ते लिही.

रंभा


भिवटोला
२७ नोव्हेंबर १९८६

चि. रंभास आशीर्वाद.

हे पत्र खुशालरावांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. मंगलीला मी सांगितलेलं नाही.

मला कोणी दम दिला नाही. रहमतबी आली नाही. मी रहीमला पाहिलं नाही, कारण मी कोणालाच पाहिलं नाही. मी मागे वळलो नाही.

लोकांना वाटतं की मृदंगाच्या आवाजात मला कळलं नसेल. तसं मी म्हटलं तर सगळे मानतील. पण मशिदीसमोर वाद्य बंद होतं हे तुला माहीत आहे. चाळीस पावलं नुसत्या चपलांचा आवाज. त्यात पहिला दगड पडला तो मी ऐकला. दुसरा ऐकला. सीताबाई किंचाळली ती ऐकली. इसरूनं माझी बाही ओढली. मी त्याला म्हटलं, “मांगं नोको पाहू, तलाव येऊ दे.” आणि चाळीस पावलं झाल्याबरोबर मी मृदंग सुरू केला. नेहमीपेक्षा जोरात वाजवला. माझ्यामागे पाच जण होते, तेही चालत राहिले, कारण मी चालत होतो. इसरू तेवढा परत पळाला.

तलावाच्या पायरीवर पोचलो तेव्हा वळलो. मागे बाबा नव्हते. मूर्ती नव्हती. मी परत आलो तोवर संपलं होतं. बाबांची मान इसरूच्या हातावर होती. मंगलीनं मला विचारलं की तू कुठी होता. मी म्हटलं, तलावावर. तिला वाटलं पाणी आणायला गेलो असेन.

मी स्वतःला सांगतो की मी नियम पाळला. आजोबांचा नियम, बाबांचा नियम, त्यांनीच मला सतरा दिवस आधी पुन्हा बजावला होता. पण रंभा, खरं काय ते मला कळत नाही. नियम पाळला, की भीती वाटली आणि नियम आयता हाताशी होता? मी रोज काम करताना यावर विचार करतो आणि तिथेच येऊन थांबतो. पाट तू घे, असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं होतं. ते हसले होते.

आता पोलीसपाटील, पुढारी, सगळे म्हणतात की रहीमला पाहिलं एवढं सांग, बाकी आम्ही बघतो. सांगितलं तर रहीम आत जाईल, आणि मी वळून पाहिलं होतं असंही आपोआप ठरेल. माझ्या दृष्टीनं याहून सोपं काही नाही. म्हणूनच मी तीन महिने गप्प आहे.

तू म्हणशील तसं करीन.

श्रावण


बल्लारपूर
२० डिसेंबर १९८६

ती. भाऊस सा. न.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी रोज लिहायला बसते आणि उठते. यांना दाखवलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी ठरवलं की तुझं तोंड पाहायचं नाही. बाबा पंधरा पावलांवर होते. पंधरा. मी घरात दारापासून चुलीपर्यंत मोजून पाहिली, पंधरा होत नाहीत. असं कसं करवलं तुला, हे मी तुला एकदा विचारणार आहे, समोर बसून. त्यावर तू काही सांगू नकोस, पण मी विचारणार आहे.

दुसरी गोष्ट. मी नऊ वर्षांची असताना मिरवणुकीत मागे पाहिलं होतं. माझी चप्पल राहिली होती म्हणून. त्याच हिवाळ्यात आई तापानं गेली. बाबा मला कधी एक शब्द बोलले नाहीत. पण तू बोललास. गोठ्यामागे नेऊन मला म्हणालास, “तू मांगं पाह्यलं म्हणून माय गेली.” तू विसरला असशील. तू सतरा वर्षांचा होतास, रडत होतास. मी ते कोणाला सांगितलं नाही, आणि एकवीस वर्षं मला तेच खरं वाटत होतं. कानोबाला मी माहेरी येत नाही ती दरवेळी गोवरामुळे नाही.

आता तू लिहितोस की मागे पाहिलं नाही म्हणून बाबा गेले. मी पाहिलं म्हणून आई गेली, तू पाहिलं नाही म्हणून बाबा गेले, हे दोन्ही खरं कसं असेल? आई तापानं गेली. बाबांना दगड मारला. ज्यानं मारला त्यानं मारला.

मी म्हणेन तसं करशील, असं लिहिलंस. मग जे पाहिलं तेच सांग, आणि जे पाहिलं नाही ते सांगू नकोस. मला रहीम आतच पाहिजे. पण तुझ्या खोट्यानं तो आत गेला तर मला ते रोज आठवत राहील, आणि एवढं लक्षात ठेवायला माझ्याकडे जागा उरलेली नाही.

थंडी फार आहे. घोंगडी पांघर.

रंभा


भिवटोला
११ मार्च १९८७

चि. सौ. रंभास आशीर्वाद.

काल मॅजिस्ट्रेटपुढे जबाब झाला. मी सांगितलं की मी पुढं होतो, दगडांचा आणि ओरडण्याचा आवाज ऐकला, मागे वळलो नाही, कोणाला पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, बाप मागे असताना का वळला नाही. मी नियम सांगितला. त्यांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मग तो लिहून घेतला. शिडीचंही सांगितलं. माझ्या बापानं, मुखरूनं केलेली, बांबूची, अकरा पायऱ्या, सातवी सागाची. त्यावर वकील उठून म्हणाला की शिडी असेल तर हजर करा. ती कुठून करू?

रहीमला जामीन मिळाला. बाकी तिघांवर दुसरे साक्षीदार आहेत, ते आतच आहेत.

कोर्टाबाहेर आपलेच लोक माझ्याशी बोलले नाहीत. सीताबाईचा नवरा तेवढा जवळ आला आणि माझ्या पायाशी थुंकला. शाळेचं पुढचं काम दुसऱ्याला गेलं. मंगलीला आता सगळं कळलं आहे. ती दोन दिवस माहेरी राहिली, मग आली आणि स्वयंपाकाला लागली. इसरू येतो, बसतो.

गोठ्यामागचं मला आठवतं. मी विसरलो नव्हतो.

मला अजून काही वाटत नाही. लाकूड हातात घेतलं की ते ओलं की वाळलेलं एवढं कळतं. तुझी प्रकृती सांभाळ. आता कितवा महिना आहे ते मंगलीनं विचारलं आहे.

श्रावणभाऊ


बल्लारपूर
२५ जुलै १९८७

ती. श्रावणभाऊस रंभाचा शि. सा. न.

वहिनीला सांग आठवा चालू आहे, पाय सुजले आहेत आणि मी हत्तिणीसारखी चालते. हे म्हणतात की आता तुझ्यामुळे दरवाजा मोठा करावा लागेल, भावाला बोलाव.

या वर्षी कानोबा बसवणार का, ते कोणीच लिहीत नाही. बाबांचं वर्षश्राद्ध नेमकं विसर्जनाच्या तिथीला येतं, म्हणजे बसवायच्या दिवशी वर्षाला एक दिवस कमी. आपल्या घरात बसणार नाही हे मला समजतं. पण गावातच बसला नाही तर वर ओरडत होते त्यांचं खरं झालं असं होईल. बाबा एवढं चालले ते कशाला?

मला यायला बंदी आहे. आले असते तर मी तुझ्यामागे चालले असते. पंधरा पावलांवर नाही, अगदी मागे, तुझी टाच तुडवत.

वहिनीला नमस्कार. राग गेलेला नाही, पण माया त्याच्याहून जुनी आहे हे लक्षात असू दे.

रंभा


॥ श्री ॥

भिवटोला
२१ ऑगस्ट १९८७

चि. सौ. रंभास श्रावणभाऊचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. कानोबा बसला. इसरूच्या घरी. फुलोरा मंगलीनं तळला, पण आपलं वर्ष म्हणून टांगला इसरूच्या बायकोनं. सोमवारी सकाळी बाबांचं श्राद्ध झालं, आणि दुपारी मी पाट डोक्यावर घेतला. नको म्हणणारे होते. मृदंग इसरूकडे.

मागच्या वर्षी दोनशे माणूस होतं. या वर्षी आम्ही बारा, आणि पोलीस वीस. सीताबाई आली. तिच्या नवऱ्यानं अडवलं तरी आली. गल्लीत सगळी दारं बंद होती. मशिदीसमोर इसरूनं हात थांबवला. चाळीस पावलं. मी मोजत होतो. रहमतबीचं दार बंद होतं. ते मागे गेलं. पुढे तो कडुनिंब आला.

तिथे मी थांबलो आणि पाट डोक्यावर घेऊन पूर्ण मागे वळलो. इसरू घाबरून ओरडला, “भाऊ, काऊन वळला?” मी वळलो म्हणून सगळेच वळले. आता भजन मंडळ कोणाकोणाला रंभा झाली म्हणेल?

रहमतबीचं दार उघडलं होतं. ती एकटी होती आणि काहीतरी ओढत बाहेर आणत होती. म्हातारीला झेपत नव्हतं. हवालदार पुढे झाला तर तिनं त्याला हातानं दूर केलं. रस्त्याच्या मधोमध आणून तिनं ती टाकली. शिडी होती, रंभा. धानाच्या तणसाखाली पुरून ठेवली असावी, सगळ्या बांबूला तणसाच्या काड्या चिकटलेल्या. बांबू काळा पडलेला, दोन पायऱ्या कुजून निघालेल्या. सातवी जागेवर होती.

रहीम दारात आला आणि तिला अम्मी अम्मी म्हणत आत ओढू लागला. ती शिडीवरच बसली. मग हवालदाराला म्हणाली, पण पाहत माझ्याकडे होती, “हे घ्या. मुखरूभाऊनं करून देल्ली. माहा पोरगा हिच्यावरूनच चढला. श्रावणनं नाई पाह्यलं. मी पाह्यलं.”

ऊन होतं. मी तिथून सातव्या पायरीवरच्या पटाशीच्या खुणा पाहत होतो. इतक्या लांबून त्या दिसत नाहीत, हे मला कळतं, पण मला दिसल्या. आणि मला रडू आलं. वर्षभरात पहिल्यांदा, आणि तेही सगळ्यांसमोर, मोठ्यानं. पाट सोडता येत नव्हता. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. सीताबाईनं पुढे येऊन तिच्या पदरानं माझं तोंड पुसलं. मग मी वळलो आणि तलावापर्यंत गेलो.

शिडी पोलिसांनी नेली. रहीमलाही नेलं. तो गेला तेव्हा रहमतबी तिथेच रस्त्यावर बसून होती, परत येताना आम्हाला तिच्या बाजूनं वळसा घ्यावा लागला. तू आनंद झाला का असं विचारशील, तर नाही झाला. पण रात्री झोप लागली.

फुलोऱ्याचा पहिला वाटा मंगलीनं नेहमीप्रमाणे वेगळा काढून झाकून ठेवला आहे. आज चार दिवस झाले. ती मला विचारत नाही आणि मी उचलत नाही. मी तो नेईन की नाही ते मला ठाऊक नाही. तू काय म्हणतेस ते लिही, पण लवकर लिही, करंज्या मऊ पडत चालल्या आहेत.

दरवाजा मोठा करायला दिवाळीनंतर येतो. तेव्हा समोर बसून तुला जे विचारायचं आहे ते विचार. मायेत अंतर पडू देऊ नकोस, एवढीच मागणी.

तुझा
श्रावणभाऊ

ता. क. खुशालरावांचे मित्र वडशावरून गाडीनं येत आहेत, त्यांच्याबरोबर तुझी वेणी पाठवतो. मागच्या वर्षीची डब्यात असेल ती आता टाकून दे.